रशियन फौज १९८९ ला गेली, मग अफगाणिस्तानातलं युद्ध का थांबलं नाही?

कोंढवेकर:
नमस्कार मंडळी. पुण्यात एमए करतोय, दोन वर्षं एका अफगाण मुलाबरोबर राहतोय, मूळचा काबूलचा. परवा लाईट गेली म्हणून गच्चीवर बसलो होतो तर तो बोलता बोलता म्हणाला, आमचं घर रशियन होते तोवर उभं होतं, ते गेल्यावर पडलं. वडिलांचं घर पश्चिम काबूलमध्ये, १९९३ ला शेजारी रॉकेट पडलं आणि यांची एक बाजूच खाली आली, मग सगळे पेशावरला निघाले, आजीने शिवणयंत्राचं नुसतं डोकं चादरीत बांधून घेतलं होतं म्हणे. मला आजवर एवढंच माहीत की रशिया घुसला, अमेरिकेने त्यांच्याशी लढणाऱ्या मुजाहिदीनना मदत केली, रशिया हरून गेला. मग ९३ ला ते रॉकेट मारलं कोणी? मला त्याला विचारवेना, चेहरा पडला होता त्याचा. कोणी नीट सांगेल का?

जुना_वाचक:
ते रॉकेट बहुतेक हेकमतयारच्या माणसांचं, म्हणजे मुजाहिदीनांतल्याच एका गटाच्या पुढाऱ्याच्या, तेव्हा काबूलवर सगळ्यात जास्त मारा त्यांनीच केला. पण त्याच्याकडे एवढी रॉकेटं आली कुठून हे बघ, तिथे उत्तर आहे.

३ जुलै १९७९ ला, म्हणजे रशियन फौज घुसायच्या जवळजवळ सहा महिने आधी, अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी काबूलच्या कम्युनिस्ट सरकारच्या विरोधकांना गुपचूप मदत द्यायच्या कागदावर सही केली. तेव्हा रक्कम किरकोळ होती आणि हत्यारं नव्हती, पैसा, रेडिओ संच असलं काहीतरी. पण १९८७ पर्यंत हाच आकडा वर्षाला ६३ कोटी डॉलरच्या घरात गेला, आणि जेवढे अमेरिका देईल तेवढेच सौदी घालणार असा ठराव. सुरुवातीला माल मुद्दाम रशियन बनावटीचा, इजिप्त आणि चीनकडून घेतलेला, कारण पकडला गेला तरी अमेरिकेचं नाव यायला नको. आता खरी गोम. हा सगळा माल कराचीला उतरायचा आणि पुढे कोणाला किती द्यायचा ते पाकिस्तानची आयएसआय ठरवायची. तिने सगळ्यात मोठा वाटा हेकमतयारला दिला, अफगाण लोकांना तो हवा होता म्हणून नाही, पाकिस्तानच्या सोयीचा होता म्हणून. वॉशिंग्टनला हे कळत होतं, पण त्यांचा हिशोब एकच, रशियनांना जास्तीत जास्त रक्त सांडायला लावायचं, नंतर त्या देशाचं काय होणार हा प्रश्न त्यांच्या कागदावरच नव्हता.

साठा केवढा होता याची कल्पना यावी म्हणून सांगतो, एप्रिल १९८८ मध्ये रावळपिंडीच्या ओझरी कॅम्पातलं याच कामाचं कोठार उडालं तेव्हा रावळपिंडी-इस्लामाबादवर रॉकेटं येऊन पडली आणि शंभराच्या आसपास माणसं मेली. हे एका कोठाराचं.

सह्याद्रीवारा:
सगळं अमेरिकेवर ढकलू नका हो, मॉस्कोचा हिशोबही मांडा. मार्च ७९ ला हेरातमध्ये लोक उठले ते काबूलच्या कम्युनिस्ट सरकारच्या जुलमाविरुद्ध. डिसेंबरात रशियनांनी ज्याच्या "मदतीला" आलो म्हणून सांगितलं त्या अमीनलाच, म्हणजे काबूल सरकारच्या प्रमुखालाच, त्याच्या राजवाड्यात मारलं आणि बाब्राक कारमालला बसवलं. पन्नास लाखांवर लोक पाकिस्तान-इराणला पळाले ते यांच्या बॉम्बफेकीमुळे. आणि ते छोटे हिरवे भूसुरुंग, फुलपाखराच्या पंखासारखे, हेलिकॉप्टरमधून टाकलेले, पोरं खेळणं समजून उचलायची आणि हात जायचा. माझ्या मनातून ते जात नाही. आपणही काही स्वच्छ नाही, जानेवारी १९८० ला युनोत १०४ देशांनी या घुसखोरीविरुद्ध मत दिलं, १८ विरोधात गेले, भारत तटस्थ राहिला.

मशीदबंदर:
आमचा हिंग आणि सुक्या मेव्याचा धंदा, वडील काबूली व्यापाऱ्यांबरोबर बसायचे उठायचे म्हणून थोडं ऐकून आहे. मला एक कळत नाही, रशियन गेले, अमेरिकनांनीही लक्ष काढून घेतलं, त्यानंतर जे एकमेकांना मारत होते ते सगळे अफगाणच ना? पठाण, ताजिक, उझबेक, हजारा. मग बाहेरच्यांना किती दिवस दोष द्यायचा?

जुना_वाचक:
@मशीदबंदर शेठ, प्रश्न बरोबर आहे आणि ज्यांनी रॉकेटं डागली त्यांचा गुन्हा त्यांच्याच डोक्यावर, त्यात दुमत नाही. पण असं बघा, भावकीत बांधावरून भांडण प्रत्येक गावात असतं, काठ्या निघतात, एखाद्याचं डोकं फुटतं, मग चार जाणती माणसं मध्ये पडतात. त्याच भावकीत एका घराला एकाने दहा वर्षं तोफा पुरवल्या, दुसऱ्या घराला दुसऱ्याने रणगाडे पुरवले आणि मध्ये पडणारी जाणती माणसं त्या दहा वर्षांत मारली गेली किंवा देश सोडून गेली, तर भांडण तेच राहतं का? पुन्हा रशियन १५ फेब्रुवारी १९८९ ला गेले तरी दोघांचा सप्लाय चालूच होता बरं का, मॉस्को काबूल सरकारच्या प्रमुखाला, नजीबुल्लाला देतंय, अमेरिका-सौदी मुजाहिदीनना. तडजोड करायची गरज कोणालाच वाटली नाही कारण प्रत्येकाला वाटायचं पुढच्या खेपेत जिंकू. १ जानेवारी १९९२ पासून मॉस्को आणि वॉशिंग्टन दोघांनी मिळून पुरवठा बंद केला, एप्रिलमध्ये नजीबुल्ला पडला. पैसा थांबला, हत्यारं तिथेच राहिली. विमानं पाडणारी स्टिंगर क्षेपणास्त्रं तर अमेरिकेच्या सीआयएला स्वतःच दिलेली परत विकत घ्यावी लागली.

नजीबुल्लाची बायको-मुली आधीच दिल्लीत आल्या होत्या. तोही भारतात यायला निघाला होता, पण काबूल विमानतळावर दोस्तमच्या माणसांनी अडवला, हा दोस्तम कालपर्यंत त्याचाच सेनापती. मग साडेचार वर्षं युनोच्या आवारात काढली आणि सप्टेंबर ९६ ला तालिबानने तिथूनच ओढून नेऊन मारला.

फळा_खडू:
मी शिक्षिका आहे, त्यामुळे हत्यारांपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागली. पाकिस्तानातल्या निर्वासित छावण्यांत आणि अफगाणिस्तानातही मुलांना जी पुस्तकं वाटली ती अमेरिकन सरकारच्या पैशातून, नेब्रास्का विद्यापीठाच्या प्रकल्पात तयार झालेली. पहिली-दुसरीच्या मुलांनी मोजायचं काय तर गोळ्या आणि बंदुका. मुळाक्षरांत "ज" जिहादचा. वरच्या वर्गातलं एक गणित मी वाचलंय, कलाश्निकोव्हची गोळी सेकंदाला ८०० मीटर जाते, रशियन सैनिक ३२०० मीटरवर आहे, मुजाहिदने डोक्यावर नेम धरला तर कपाळात गोळी लागायला किती सेकंद लागतील. हे कोणीतरी बसून लिहिलंय, तपासलंय, छापायला पाठवलंय. आम्ही मुलांना आंबे आणि पेरू वाटायची गणितं घालतो आणि वाटणी त्यांच्या अंगात मुरते हे रोज बघते मी. ज्यांना हे घातलं ती पोरं ९२-९६ ला वीस-बावीस वर्षांची झाली असतील. तुमच्या मित्राच्या घरच्यांपैकी कोणी पेशावरला शिकलं असेल तर विचारा, पण हळूच विचारा.

कोंढवेकर:
सगळ्यांचे खूप आभार, @फळा_खडू ताई तुमचं वाचून रात्रभर झोप नाही. काल त्याला हळूच विचारलं. त्याचा धाकटा मामा आजोळच्यांबरोबर आधीच, ८० च्या दशकात, पेशावरच्या छावणीत होता, तिथेच शिकला, आता काबूलमध्ये चाकं-टायरचं दुकान आहे. त्याने लगेच व्हिडिओ कॉल लावला आणि मी सांगितलेलं गोळीचं गणित त्यांच्या दरी भाषेत मामाला सांगायला लागला. पूर्ण सांगूनसुद्धा झालं नव्हतं, मामांनी बोटं वर केली. चार.