१०० व्होल्टचा जपानी अँप आपल्या २३० वर कसा चालवावा? मदत हवी आहे

जुना जपानी स्टिरिओ अँप (अँप्लिफायर) घेतलाय. मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ, २५० वॅट लिहिलंय. व्होल्टेज बदलायचा स्विच नाही. झाकण उघडून पाहिलं, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (लाईनकडच्या गुंडाळीला) दोनच वायरी, वेगळ्या व्होल्टेजसाठी मधून काढलेलं जादा टॅपिंग नाही.

सध्या २३०-११० चा ५०० व्हीए क्षमतेचा स्टेपडाऊन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावलाय. पण सोलापुरात आमच्या भागात रात्री लाईन २४५ पर्यंत चढते, तेव्हा अँपला ११७ मिळतात. आतले फिल्टर कपॅसिटर जास्तीत जास्त ६३ व्होल्टचे, त्यांच्यावर मीटरने ५८ दिसले! अँपचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, अर्ध्या तासात हात ठेववत नाही. तेव्हापासून बंदच ठेवलाय.

यंत्रमागाच्या मोटारी भरणारे (तार नव्याने गुंडाळणारे) एक काका म्हणतात, "आण इकडं, प्रायमरी २३० ची भरून देतो." काम चोख आहे त्यांचं, पण ऑडिओचा ट्रान्सफॉर्मर कधी भरलेला नाही. मूळ ट्रान्सफॉर्मर बिघडला तर दुसरा मिळणार नाही, म्हणून धाडस होत नाही. मोठा स्टॅबिलायझर ठेवायला जागा नाही.

तर २३०-१०० चा स्टेपडाऊन मुद्दाम बनवून घ्यावा का? घेतला तरी २४५ ला १०६-१०७ येतील, तेवढे या अँपला रोज चालतील का? की मूळचा जपून ठेवून, त्याच सेकंडरीचा (अँपकडच्या गुंडाळीचा) २३० चा नवाच भरून घेऊ?