डेंग्यूच्या विषाणूला डासाच्याच पेशी का लागतात?

पेट्रीतला_पोरगा: एमएस्सी मायक्रोचा प्रोजेक्ट सुरू झालाय. आजवर अगारवर (जेलीसारख्या खाद्यावर) बॅक्टेरिया वाढवले, आता डेंग्यूचा विषाणू सी६/३६ ह्या डासाच्या पेशींत वाढवायचाय. व्हेरो पेशी (माकडाच्या) ३७ अंशांवर असतात, ह्या मात्र २८ वर. ताप माणसाला येतो, मग हे काय? शिवाय विषाणू घालून आठवडा होत आला तरी पेशी छान चिकटलेल्या. मिडियम मात्र पिवळं पडलंय. विषाणू वाढला की नाही?

अगारप्रेमी: मिडियम पेशींचं जेवण आहे, विषाणूचं नाही. पेशी आम्ल सोडतात, त्याने मिडियममधलं फिनॉल रेड हे रंगद्रव्य पिवळं होतं. गढूळ असेल तर बॅक्टेरिया शिरलेत, फ्लास्क टाकून दे.

निवृत्त_लॅबवाली: बाळा, सी६/३६ म्हणजे एडिस अल्बोपिक्टस डासाच्या पेशी. डासाला कुठलं आलंय ३७ अंशांचं अंग? म्हणून २८. आणि ह्या पेशींचं माहेर पुणंच बरं का! शास्त्रज्ञ सिंग यांनी १९६७ मध्ये इथल्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये (आताची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही) डासाच्या अळ्यांपासून ही पेशीमालिका (लॅबमध्ये सतत वाढत राहणाऱ्या पेशी) काढली. पुढे १९७८ मध्ये जपानच्या इगाराशींनी तिच्यातून डेंग्यू आणि चिकुनगुन्याला जास्त दाद देणारा क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला वंश) वेगळा केला, तोच तुझ्या फ्लास्कमधला. जगभर वापरतात, पण पुण्याचं नाव फार कुणी घेत नाही. असो.

दाद का देतो? डासाच्या पेशी विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) कापून टाकतात. ह्या क्लोनमध्ये ती यंत्रणाच अधू आहे. त्यामुळे रुग्णाच्या रक्तातला थोडासा विषाणूही इथे वाढतो.

पेशी मेल्या नाहीत म्हणून हिरमुसू नकोस. डेंग्यूचे कित्येक स्ट्रेन सी६/३६ मध्ये गाजावाजा न करता वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघून निकाल देणारे मला आवडत नाहीत. इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणाऱ्या अँटीबॉडीने विषाणू शोधणं) कर, किंवा वरच्या द्रवाचं आरटी-पीसीआर. शेजारी विषाणू न घातलेला फ्लास्क ठेवलायस ना?

पेट्रीतला_पोरगा: हो मॅडम, ठेवलाय. तोही पिवळाच आहे.

निवृत्त_लॅबवाली: मग पिवळ्याचा विषाणूशी संबंध नाही. आणि मायकोप्लाझ्माची (पेशींच्या फ्लास्कमध्ये शिरणाऱ्या अतिसूक्ष्म बॅक्टेरियाची) पीसीआर करून घे. ते शिरलं तर मिडियम गढूळ होत नाही, आणि त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनचाही उपयोग नाही.