थंडीत बंद घरासाठी सुगंध: पातेल्यात काय उकळावं?

प्रेषक: नव्या सभासद, सेंट लुई पार्क

नमस्कार मंडळी,

आम्ही ऑगस्टमध्ये इथल्या अपार्टमेंटमध्ये राहायला आलो. मिनेसोटातली ही आमची पहिलीच थंडी. गारठ्यामुळे खिडक्या बंदच असतात, फोडणीचा वास दाराजवळ टांगलेल्या जाड जॅकेटांत जाऊन बसतो, आणि उदबत्ती-धूप लावायला करारात मनाई आहे. शेजारच्या बाई संत्र्याची सालं, दालचिनी आणि क्रॅनबेरी पाण्यात घालून मंद आचेवर ठेवतात. त्यांच्याकडे पाऊल टाकलं की प्रसन्न वाटतं. आपल्यापैकी कोणी असं करतं का? आपल्या डब्यातलं काय चालेल? घरात दीड वर्षाची मुलगी आहे, म्हणून नीट विचारून करायचं आहे.

दुसरं म्हणजे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाची जबाबदारी यंदा आमच्या गटाकडे आहे. हॉलमध्ये काहीही पेटवायचं नाही असा नियम आहे. तिथे हा उपाय जमेल का?

---

प्रेषक: वूडबरीच्या काकू

नमस्कार ताई,

जरूर करा. पण आधी फोडणीचं बघू. पातेल्यातला सुगंध फोडणीचा वास घालवत नाही, नुसता त्याच्यावर चढतो, आणि दोन्ही मिळून घर आणखी जड वाटतं. फोडणीबरोबर तेलाचे बारीक कण उडतात आणि कापडावर बसतात. म्हणून तेल तापायच्या आधीच शेगडीवरचा पंखा लावायचा आणि स्वयंपाक झाल्यावरही पंधरा मिनिटं चालू ठेवायचा. तो हवा बाहेर टाकतो की जाळीतून परत घरातच सोडतो, हे बघून घ्या. अपार्टमेंटमध्ये पुष्कळदा दुसरा प्रकार असतो. तसं असेल तर फोडणीपुरती एक खिडकी दोन बोटं उघडा, बाहेर कितीही गार असो. जॅकेटं कपाटात, कपाटाचं दार बंद. आता पातेलं.

जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, त्यात साधारण 1 लिटर पाणी. दोन संत्र्यांची धुतलेली सालं, दालचिनीचे दोन तुकडे, चार-पाच लवंगा, आल्याच्या तीन-चार चकत्या. एक उकळी आली की आच अगदी कमी करायची, वरून वाफ निघताना दिसली की पुरे. झाकण ठेवायचं नाही. पाणी निम्म्यावर आलं की गरम पाणी वाढवायचं.

लवंग हात राखूनच घाला. जास्त झाली की दाताच्या दवाखान्याचा वास येतो, कारण दातांच्या औषधात लवंगेतलंच युजेनॉल असतं. दालचिनी इथल्या दुकानातली जाड, कडक, एका पदराची मिळते ती कॅशिया. या कामाला तीच उत्तम, तासन्‌तास टिकते. पातळ पापुद्र्यांची सिलोनची दालचिनी महाग आणि नाजूक, ती खाण्यासाठी ठेवा. कुठल्याच मसाल्याची पूड घालू नका, तळाशी बसून करपते. क्रॅनबेरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रंग सुरेख येतो, वास जवळजवळ नाही. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये देशातलं निम्म्याहून जास्त पीक निघतं, म्हणून इथे ती सगळ्यांत पडते. तुम्ही तिचं लोणचं घाला.

आता आपलं सामान. वेलची सोलली की सालं टाकू नका, बाटलीत साठवा. श्रीखंड-बासुंदी केली की मूठभर जमतात, आणि दाणे नसले तरी सालांना मंद वास असतो. तमालपत्र इंडियन स्टोअरमधलंच घ्या, ज्याच्यावर तीन लांब शिरा देठापासून टोकाकडे जातात. त्याला दालचिनीचा वास असतो, ते त्याच कुळातलं झाड आहे. सुपरमार्केटातलं बे लीफ वेगळ्या झाडाचं, निलगिरीकडे झुकणारं. गवती चहा सेंट पॉलच्या ह्मोंग (आग्नेय आशियातून आलेल्या समाजाच्या) बाजारात ताजा मिळतो. आपण पाती वापरतो, तिथे जाड बुंधे असतात. बुंधा बत्त्याने ठेचून घातला की सकाळच्या चहाचा वास घरभर होतो. आलं आणि गवती चहा, एवढ्या दोनच गोष्टी घातल्या तरी मला बाकी काही नको असतं.

आणि एक गोष्ट मला मनापासून सुचवावीशी वाटते. दिवाळीला उटण्यासाठी गावाहून नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा मागवतो, त्यातलं अख्खं सामान उरलं असेल तर जाडसर कुटून मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधा आणि संत्र्याच्या सालांबरोबर पाण्यात सोडा. पहिला अर्धा तास विशेष काही कळणार नाही. या मुळ्यांचा वास सावकाश सुटतो, पण नंतर पहाटेच्या अभ्यंगस्नानाचा जो वास, तो घरात भरून राहतो. दालचिनी-संत्र्याचा वास इथल्या ख्रिसमसचा आहे आणि सुंदर आहे. पण आपल्या मुलांच्या नाकात दिवाळीही बसली पाहिजे, आणि थंडी इथे पाच महिने असते. तेव्हा एक दिवस त्यांचं पातेलं, एक दिवस आपलं.

तुमची मुलगी लहान आहे म्हणून: मागची शेगडी वापरायची, दांडा आत वळवायचा, आणि पातेलं चालू असताना घराबाहेर पडायचं नाही, झोपायचं तर नाहीच. मी फोनवर दर अर्ध्या तासाचा गजर लावते. पाणी संपून सालं करपली की आधी धूर, मग अलार्म, आणि पुढे आगही लागू शकते.

---

प्रेषक: मेपल ग्रोव्हचे काका (रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक)

काकूंनी मंद आच सांगितली, त्यामागचं कारण सांगतो. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन एकटं 176 अंश सेल्सियसला उकळतं, युजेनॉल तर 250 च्याही वर. तरीही पाण्याच्या वाफेबरोबर ही तेलं 100 अंशांच्या आतच बाहेर पडतात. अत्तरवाल्यांची ऊर्ध्वपातनाची भट्टी याच तत्त्वावर चालते. लिमोनीन हलकं, ते आधी निघून जातं. दालचिनी आणि मुळ्यांमधली द्रव्यं जड, ती मागे राहतात. खळखळ उकळलंत तर संत्र्याचा वास लवकर संपतो आणि पुढे नुसती गरम दालचिनी उरते. म्हणून सालं दोन हप्त्यांत घाला, अर्धी सुरुवातीला, अर्धी तासाभराने.

दुसरा फायदा ओलाव्याचा. बाहेर उणे 20 सेल्सियस असताना एका घनमीटर हवेत जेमतेम 1 ग्रॅम पाण्याची वाफ मावते. तीच हवा घरात येऊन 20 अंशांना तापली की तिच्यात 17 ग्रॅम मावू शकते. म्हणून ती इतकी कोरडी लागते, ओठ फुटतात, नाकाचा घोळणा फुटतो. पातेल्यातून संध्याकाळभरात लिटर-दीड लिटर पाणी हवेत जातं, त्याने थोडा आराम पडतो. मात्र खिडकीच्या काचेवर आतून पाणी ओघळू लागलं की थांबा, चौकटीत बुरशी धरते.

एक कळकळीची विनंती. कापूर पातेल्यात घालू नका, भीमसेनीसुद्धा नाही. त्याची वाफ ज्वालाग्राही असते, आणि लहान मुलांच्या पोटात थोडा जरी गेला तरी झटके येऊ शकतात. दीड वर्षाचं मूल घरात असताना कापराचा डबाही उंचावर ठेवा.

---

प्रेषक: ईडन प्रेअरीच्या ताई

काका-काकू, मनापासून आभार. माझी भर थोडी आहे.

घरात मांजर असेल तर सावध राहा. सुगंधी तेलांतली काही द्रव्यं मांजरांच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. बाटलीतलं इसेन्शियल ऑइल पाण्यात थेंब-थेंब घालायची पद्धत आहे, ती आमच्याकडे पूर्ण बंद. सालं-मसाले त्या मानाने सौम्य, तरी मांजराला दुसऱ्या खोलीत जायची वाट मोकळी ठेवते. पक्षी पाळले असतील तर नॉनस्टिक भांडं अजिबात नको. कोरडं पडून तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी मरतात.

अंगणातल्या सूचिपर्णी झाडाची डहाळी घालायची इथे रीत आहे. बाल्सम फर किंवा व्हाइट पाइन असेल तर छानच. पण घरांच्या कडेने लावलेली ती सपाट मऊ पानांची, लाल फळांची यू नावाची झुडपं विषारी असतात. झाड ओळखता येत नसेल तर डहाळी आणूच नका.

---

प्रेषक: नव्या सभासद, सेंट लुई पार्क

काकू, काल उटण्याची पुरचुंडी केली. नागरमोथा नव्हता, कपूरकाचरी आणि वाळा होता, त्यात क्लेमेंटाइनची सालं. आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. तिला वास कसा कळणार, पण तिने पातेल्यात काय काय आहे ते एकेक करून दाखवायला लावलं.

उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी चालतं का? आणि हॉलसाठी स्लो कुकर नेला तर? तिथे ज्योत चालत नाही, वीज चालते.

---

प्रेषक: वूडबरीच्या काकू

चालतं. गार करून झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. नवीन सालं घाला, पुरचुंडी तीच. ते पाणी प्यायचं मात्र नाही.

हॉलसाठी स्लो कुकर उत्तम. झाकण काढलं की तो पाणी उकळवत नाही, नुसतं वाफाळत ठेवतो. म्हणून पाणी हॉलच्या किचनमध्ये आधी उकळून ओता आणि बटण वरच्या आचेवर ठेवा, पाहुणे येण्याच्या तासभर आधी. दाराशी, चपला-बूट काढायच्या जागेजवळ ठेवायचा, जेवणाच्या टेबलांजवळ नाही. तिळगुळाचा आणि गरम जेवणाचा वास आपापला येऊ द्यावा. टेबल भिंतीला लागून, वायर भिंतीच्या बाजूने, कोणाच्या पायात येणार नाही अशी. ज्यांना दमा आहे त्यांना आमंत्रणातच कळवा, आणि कोणी नको म्हटलं तर लावायचा नाही.

हॉलमध्ये लवंग-दालचिनी कमी करू. वाळा, संत्र्याची सालं, वेलचीची सालं आणि शेवटी गुलाबाच्या सुक्या पाकळ्या. गुलाबदाणीने गुलाबपाणी शिंपडायचं आहेच, त्याच्याशी हे जुळेल.

माझ्याकडे सहा लिटरचा कुकर आहे, तो मी आणते. वेलचीची सालं सगळ्यांनी आत्तापासून जमवा. वाळा कोणाकडे जास्त आहे?

---

प्रेषक: मेपल ग्रोव्हचे काका

वाळ्याची एक अख्खी जुडी आहे, आणतो. हॉलमधल्या प्लगची जागा मी शुक्रवारी जाऊन बघून येतो, म्हणजे एक्स्टेन्शन लागणार का ते कळेल. लागली तर जाड वायरची आणेन.