प्रतिसाद: कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी, गाइडविना

वर कुणीतरी लिहिलंय की गाइड नसेल तर इथे नुसते दगडच दिसतात. मला नाही पटत. १७६७ सालची ही दफनभूमी आम्ही दोघांनी आपली आपणच पाहिली, दोन तास कसे गेले कळलं नाही. आत शिरलं की पार्क स्ट्रीटचे हॉर्न एकदम मागे पडतात. शेवाळलेले विटांचे मनोरे, पिरॅमिड, घुमट; त्या काळच्या साहेबांची हौस दांडगी! सर्वांत उंच सुळका विल्यम जोन्सचा, एशियाटिक सोसायटी काढणारा तोच. गेला १७९४ मध्ये, वय अवघं ४७. कवी आणि शिक्षक डिरोझिओ, त्याचीही कबर इथेच, तो तर बाविसाव्या वर्षीच गेला.

पण चुकवू नका ती 'हिंदू स्टुअर्ट'ची कबर. हा कंपनी सरकारचा आयरिश लष्करी अधिकारी रोज गंगास्नान करायचा, घरात देवांच्या मूर्ती जमवायचा. कबरीची चौकट थेट देवळाच्या गाभाऱ्यासारखी कोरलेली. आम्ही तिथे बराच वेळ रेंगाळलो.

कबरींवरच्या लेखांची अक्षरं झिजलीत, त्यामुळे उन्हं तिरपी असताना जा, नीट वाचता येतात. आणि ओडोमॉस विसरू नका, डास अक्षरशः फोडून काढतात.