मदत हवी आहे: आईला 'टोक्यो स्टोरी' दाखवायचाय, सबटायटल्सनी जीव खाल्लाय

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी धागा काढतेय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

माझी आई ७४ वर्षांची, साताऱ्याला असते, मराठी शाळेत शिक्षिका होती आणि सिनेमाचं वेड अजून तसंच. गेल्या दिवाळीत फराळ करता करता तिला जपानी दिग्दर्शक ओझूच्या 'टोक्यो स्टोरी'ची गोष्ट सांगितली, की म्हातारा-म्हातारी ओनोमिची गावाहून मुलांकडे टोक्योला जातात, मुलांना वेळ नाही, युद्धात गेलेल्या मुलाची बायको नोरिको तेवढी रजा काढून त्यांना शहर फिरवते वगैरे. आई चकली पाडता पाडता म्हणाली, "अगं हा तर राजा परांजप्यांचा ऊन पाऊस." म्हटलं वर्षाच्या अंतराने आलेत दोन्ही, हा १९५३ चा आणि आपला १९५४ चा. झालं, तिथून तिचं सुरू, "मला दाखव."

भाचा इंग्लंडहून येताना डीव्हीडी घेऊन आला. आमचा जुना प्लेअर कुठल्याही रीजनचं (डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालणार त्याची खूण) गिळतो त्यामुळे तो प्रश्न आला नाही. पण सिनेमा काळापांढरा, दिवस उन्हाळ्याचे, सगळे पांढऱ्या शर्टात पंखे हलवत बसलेले, मागे पांढऱ्या कागदाची दारं, आणि सबटायटल पण पांढरं, त्याला काळी कड अगदी नावाला. आईला इंग्रजी वाचता येतं पण सवय लोकसत्ता वाचायची. ती "डू यू थिंक" पर्यंत पोचते तोवर ओळ गायब, मग "काय म्हणाली गं?" मग मी पॉज करून सांगायचं. असं करत म्हातारे अतामीच्या हॉटेलात पोचले तेव्हा रात्रीचे साडेअकरा आणि आई खुर्चीतच झोपलेली. त्यात बाबांना टीव्हीवर दोन बाजूंच्या काळ्या पट्ट्या सहन होत नाहीत, "एवढा मोठा टीव्ही काय अर्धा बघायला घेतला का" म्हणून ते झूम करतात आणि खालची दुसरी ओळ निम्मी कापली जाते, 'जी' आणि 'वाय'ची शेपटं कापून अक्षरांचे नुसते माथे दिसतात.

मग मीच डोकं चालवलं (इथेच चुकलं). डीव्हीडी लॅपटॉपवर घेतली, नेटवरून इंग्रजी एसआरटी फाईल (संवाद आणि त्यांच्या वेळा लिहिलेली साधी फाईल) उतरवली आणि रोज रात्री जेवणं झाली की थोडं थोडं करत मराठी केलं. हजाराच्या वर ओळी आहेत हो. आणि आता अडचणी अशा की,

सुरुवातीला फाईल बरोबर चालते, म्हणजे ओनोमिचीच्या घरात बॅग भरतायत तिथे ओळ अगदी तोंडावर येते, पण जसजसा सिनेमा पुढे जातो तसतशी मागे पडत जाते आणि शेवटी शेवटी तर माणसं गप्प बसलेली असतात आणि खाली पाच मिनिटांपूर्वीची भांडणं चालू. लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये 'जी' आणि 'एच' दाबून पुढेमागे करून बघितलं, इथे जुळवलं की दहा मिनिटांनी परत तेच. डीव्हीडी १३० मिनिटांत संपते आणि सगळीकडे तर १३६ मिनिटं लिहिलंय, म्हणजे काहीतरी कापलंय का?

दुसरं म्हणजे पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावलं तर पहिल्यांदा नुसते चौकोन आले, मग फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केल्यावर मराठी आलं, पण कसलं मराठी, पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर, जोडाक्षरं सुटी, रफार तर कुठच्या कुठे. आईने चष्मा पुसून परत बघितलं आणि म्हणाली, हे पहिलीतल्या पोरांनी लिहिलंय का.

तिसरं भाषांतराचं. इंग्रजीत सगळे एकमेकांना नावाने हाका मारतात. धाकटी नणंद भावजयीला "नोरिको" म्हणते हे आईला पटतच नाही, मूळ जपानीत नक्की काय आहे?

आणि शेवटचं, यापेक्षा बऱ्या सबटायटल्सची डिस्क मिळते का, ब्लू-रे घेतली तर फरक पडेल का? कृपया "लिंक देतो, डाउनलोड करा" हे नको, आईला डिस्कचं खोकं हातात धरून मागचं वाचायला आवडतं.

प्रतिसाद १

ताई, काही कापलेलं नाही, तुमची डिस्क पाल आहे, म्हणजे युरोपातल्या टीव्हीच्या पद्धतीची. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, पाल डीव्हीडी २५ ने, मग युरोपवाले सरळ सिनेमाच जरासा जोरात पळवतात, साधारण चार टक्के. १३६ ला १.०४२७ ने भागा, १३० येतात बघा. तुम्ही उतरवलेली एसआरटी २३.९७६ वाल्या (म्हणजे जवळजवळ २४) कॉपीची असणार. म्हणून सुरुवात जुळते आणि शेवटी साडेपाच मिनिटांचा फरक. जी-एच दाबून सगळी फाईल एकदम सरकते, ताणली किंवा आवळली जात नाही, त्यामुळे ते करून उपयोग नाही.

सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात सिंक्रोनायझेशनच्या मेनूत चेंज फ्रेम रेट आहे, तिथे २३.९७६ वरून २५ करा. मग पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य दोन्ही तपासा. मधलं तपासू नका, मधलं नेहमी बरोबर वाटतं. दोन्हीकडे सारखाच फरक राहिला तरच जी-एच.

प्रतिसाद २

वेलांटीचं दुखणं टीव्हीतल्या प्लेअरचं आहे. तो अक्षरं आली तशी एकापुढे एक मांडतो, देवनागरी जुळवायची अक्कल त्याला दिलेली नाही. डिस्कवर हा प्रश्न कधीच येत नाही कारण डीव्हीडी आणि ब्लू-रेची सबटायटल्स म्हणजे अक्षरं नसतात, चित्रं असतात. म्हणूनच त्यांचा रंग आणि फाँट आपल्याला धड बदलता येत नाही, तुमच्या पांढऱ्यावर पांढऱ्याचं मूळ तेच.

दोन उपाय. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडून नवीन व्हीएलसीत लावा, फाँट मंगल किंवा मुक्ता निवडा, मराठी नीट दिसेल. नाहीतर हँडब्रेक नावाच्या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये एसआरटी देऊन 'बर्न इन' करा, म्हणजे अक्षरं चित्रातच छापली जातील आणि मग कुठल्याही टीव्हीवर काय बिशाद वेलांटी हलायची. फक्त छापण्याआधी शुद्धलेखन दहादा बघा, नंतर काढता येत नाही. आणि ओळी तळाला चिकटवू नका, थोड्या वर घ्या. बाबांचा झूम काही सुटणार नाही.

प्रतिसाद ३

डिस्कबद्दल. अमेरिकेत क्रायटेरियन कंपनीची ब्लू-रे आहे २०१३ ची, ती रीजन ए. ब्रिटनमध्ये बीएफआयची (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट), ती रीजन बी. आपण ब्लू-रेच्या हिशोबात रीजन सी, त्यामुळे इथे घेतलेल्या प्लेअरवर दोन्ही चालायची खात्री नाही, आधी प्लेअर विचारून घ्या. चित्र खूपच चांगलं मिळेल पण सबटायटल इंग्रजीच, मराठी कुठलीच कंपनी देणार नाही. ब्लू-रे घेतलीत तर ती २४ च्या गतीने चालते, म्हणजे १३६ मिनिटं, मग वरचं २५ चं गणित विसरा, मूळ फाईलच बसेल.

आणि कुठलीही परदेशी डिस्क घेताना मागचं बारीक अक्षरांतलं वाचा. नुसतं 'इंग्लिश' लिहिलंय की 'एसडीएच' (यात दार वाजलं, पाऊस पडतोय हेही लिहिलेलं असतं, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी). डब असलेल्या सिनेमात कधीकधी डबचेच संवाद सबटायटल म्हणून चिकटवतात, ते मूळ वाक्याशी जुळत नाहीत. 'लेट द राइट वन इन' ह्या स्वीडिश सिनेमाचं तर अमेरिकेत २००९ मध्ये फार गाजलं होतं. थिएटरात एक भाषांतर आणि डिस्कवर दुसरंच, सपाट आणि गाळीव. प्रेक्षकांनी इतका आरडाओरडा केला की कंपनीला थिएटरवाली सबटायटल्स घालून परत काढावी लागली आणि मागच्या बाजूला 'इंग्लिश (थिएट्रिकल)' छापावं लागलं. दुकानात लोक खोकी उलटी करून बघत. तुमच्या आईंची सवय बरोबर आहे.

प्रतिसाद ४

एवढं करण्यापेक्षा इंग्रजी डब बघा ना.

प्रतिसाद ५

वरच्यांना राहू द्या. मी पुण्यात जपानी शिकलेय, हा सिनेमा आम्हाला वर्गात दाखवला होता, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर लिहिते.

ताई, तुमच्या आईंना जे खटकलं ते अगदी बरोबर आहे. क्योको, म्हणजे ती धाकटी नणंद, नोरिकोला नावाने हाक मारतच नाही, ती 'ओनेसान' म्हणते, शब्दशः थोरली बहीण पण नात्याने वहिनीच. इंग्रजीत तसं हाक मारायची रीत नाही म्हणून ते नाव घालतात. तुम्ही इंग्रजीवरून मराठी केलंत म्हणून मराठीत असलेली वहिनी इंग्रजीत जाऊन हरवली आणि नोरिको होऊन परत आली. नोरिको क्योकोला 'क्योकोसान' म्हणते, ते नुसतं नाव ठेवलंत तरी चालेल. पार्लरवाली शिगे ही नोरिकोची थोरली नणंद, तिला मराठीत "वन्सं" म्हणावंसं फार वाटेल पण मोह टाळा, एकदम पेशवाई होईल.

शेवटची जागा मात्र जपून करा. म्हातारी वारते आणि तिचं क्रियाकर्म झाल्याबरोबर शिगे आईचे कपडे मागते, आपल्याकडे तेराव्याच्या आत साड्या काढाव्यात तसं, त्यावरून क्योको चिडलेली असते आणि नोरिको तिला समजावते की मुलं मोठी झाली की असंच होतं, मलाही व्हायचं नाही पण मीही तशीच होणार. तेव्हा क्योको म्हणते, 'इया ने, योनोनाका-त्ते'. इंग्रजीत त्याचं 'इझन्ट लाइफ डिसअपॉइंटिंग' केलंय आणि उत्तर नुसतं 'येस, इट इज'. वाक्य सुंदर आहे पण मूळ बोलणं याहून साधं आहे. 'इया' म्हणजे नकोसं, वैताग आणणारं. 'योनोनाका' म्हणजे आयुष्य नव्हे, जग, चार लोकांची दुनिया. आणि नोरिकोचं उत्तर नुसतं होय नाही, ती म्हणते, हो, सगळ्या नकोशाच गोष्टी, आणि हे हसत म्हणते. 'आयुष्य निराशाजनक आहे' असं काही लिहिलंय का तुम्ही? असेल तर आजच खोडा.

अजून एक. म्हातारा-म्हातारी ओनोमिचीकडचं बोलतात, मुलं टोक्योचं. इंग्रजीत सगळे एकाच सुरात. पण म्हणून त्यांना थेट मालवणी बोलायला लावू नका, एखादं 'व्हय' पुरे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. (प्रतिसाद ४, ह्याचा डब मला तरी कुठे दिसला नाही, आणि असता तरी आईने मला घराबाहेर काढलं असतं.)

फ्रेम रेट बदलला आणि खरंच पहिली ओळ आणि शेवटची ओळ दोन्ही जागेवर! पंधरा दिवस मी मधलंच तपासत बसले होते. हँडब्रेकने छापायला लॅपटॉपने तीन तास घेतले आणि पंखा असा घोंगावत होता की बाबा दोनदा विचारून गेले गिरणी चालू आहे का.

आणि हो, 'आयुष्य निराशाजनक आहे' असंच लिहिलं होतं. खोडलं. सगळीकडे वहिनी केलं. मोठ्या दोन ओळी लहान केल्या, एका ओळीत चाळीसेक अक्षरांच्या वर जाऊ दिलं नाही आणि आईच्या वाचण्याच्या वेगाने प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून बघितली. ती शेवटची जागा काही जमेना. "काय मेलं जग आहे" लिहिलं तर क्योको एकदम साठीची वाटायला लागली, "दुनिया वाईट" लिहिलं तर हिंदी सिनेमा. शेवटी फोन करून आईलाच विचारलं, गोष्ट सांगितली, साड्यांचं सांगितलं. ती भाजी निवडत होती बहुतेक, लगेच म्हणाली, "जगरहाटी लिही की." मग असं केलंय:

"वैताग आहे ना ही जगरहाटी?"
"हो गं. सगळं नकोसंच."

प्रतिसाद ५ वाल्या ताई, हे चालेल का? 'वैताग' जरा आजचा वाटतोय का १९५३ साठी? रविवारी साताऱ्याला जायचंय, त्याआधी सांगा म्हणजे परत गिरणी लावते.

आणि प्रतिसाद २, पांढऱ्याऐवजी पिवळा रंग दिला तर तो लॅपटॉपवर छान दिसतो पण घरच्या टीव्हीवर हिरवट मारतोय, हे टीव्हीच्या सेटिंगचं आहे की माझ्या रंगाचं?

प्रतिसाद २

टीव्हीचा पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वर असेल तर 'सिनेमा'वर आणा. तरी हिरवट राहिला तर पिवळा सोडा, फिकट राखाडी घ्या आणि काळी कड जाड करा. काळ्यापांढऱ्यावर तेच जास्त बरं दिसतं. आणि रिमोट लपवा.

प्रतिसाद ५

चालेल. 'वैताग' राहू दे, क्योको शाळेत शिकवते आणि वयाने लहान आहे, ती असंच म्हणेल. फक्त 'हो गं' मधला 'गं' ठेवाच, नोरिको तिथे हसते.