बडोदा: घरून डिझाइनची कामं आणि मुलांचा सुलेखन वर्ग, दर कसे ठरवू?

रंगरेषा
नमस्कार मंडळी. मी दांडिया बाजारात राहते. आठ वर्षं छापखान्यात डिझाइन केलं, दिवाळीनंतर नोकरी सोडली. आता घरूनच लग्नपत्रिका, लोगो, दुकानांची पाकिटं करते. शेजारच्या चार मुलांना सुलेखनही शिकवते, अजून फुकटच.

अडचण पैशाची आहे. मागच्या महिन्यात एका फरसाणवाल्यांनी लोगो मागितला. तीन नमुने दिले, अकरा वेळा बदल केले आणि शेवटी "भाच्याने मोबाइलवर करून दिलं" असा निरोप आला. हातात काहीच नाही. दर कसा सांगायचा? आगाऊ मागितले तर गिऱ्हाईक जाईल का? वर्गाची फी किती ठेवू?

अक्षरवेडा
ताई, वाचून वाईट वाटलं. अर्धे पैसे आल्याशिवाय मी कच्चं रेखाटनसुद्धा दाखवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पाठवा: काय देणार, किती नमुने, किती बदल, कधीपर्यंत. दोन बदल दरात, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. समोरून "हो" आलं की मगच काम. मूळ फाइल शेवटचा हप्ता मिळाल्यावर.

दराचं म्हणाल तर तास मोजा. घर चालायला महिना 30,000 लागत असतील आणि खरं काम दिवसाला चारच तास होत असेल (फोन, भेटी, छापखान्याच्या फेऱ्या यांत बाकीचा दिवस जातो), तर 25 दिवसांचे 100 तास झाले. म्हणजे तासाला 300. लोगोला 15 तास लागले तर 4,500, त्याखाली जाऊ नका.

रंगरेषा
पण दादा, इथे निम्मी गिऱ्हाइकं ओळखीतली. आईच्या भिशीतल्या काकूंना आगाऊ कसे मागू?

अक्षरवेडा
त्यांनाही तोच मेसेज पाठवा. सवलत द्यायची तर आकड्यात द्या, म्हणजे मूळ दर त्यांना कळतो.

जुना बडोदेकर
पोरी, छपाईत आयुष्य गेलं म्हणून दोन गोष्टी सांगतो. आपल्याकडे पत्रिका मराठी आणि गुजराती दोन्हीत लागते. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे एकाच मापात लावलं की दोन्ही ओळी वेगवेगळ्या घरच्या वाटतात. देवनागरीसाठी मुक्ता आणि गुजरातीसाठी मुक्ता वाणी वापर, एकाच कुटुंबातले फॉन्ट आहेत आणि फुकट मिळतात. फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह कर (म्हणजे अक्षरं फॉन्ट न राहता आकृत्या होतात), नाहीतर समोरच्या मशीनवर जोडाक्षरं फुटतात. चारी बाजूंना 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची कड, सोड. स्क्रीनवरचा भगवा कागदावर मळकट येतो, म्हणून रंग सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) बघून मगच गिऱ्हाइकाला दाखव. हे सगळं तुला येतं, घरी बसून करणाऱ्या कितीतरी जणांना येत नाही. दर सांगताना हे बोलून दाखव.

शाईदौत
मी कारेलीबागेत वर्ग घेते. फुकट शिकवणं आजच थांबव ग. फी ठेवल्यावर माझ्याकडची हजेरी सुधारली, पावसातही मुलं येतात. आठ मुलं, शनिवार-रविवार दीड तास, दोन महिन्यांचे 2,000, बोरूची लेखणी आणि शाई त्यातच. इंग्रजी कॅलिग्राफीचं कट निब (तिरकं कापलेलं टोक) देऊ नकोस, देवनागरीला त्याचा कल उलटा पडतो. बोरू स्वतः कापून दे. माझ्या वर्गात पहिले दोन दिवस नुसत्या रेघा. तिसऱ्या दिवशी 'ग', कारण त्यात काना आहे आणि गाठ आहे. एका मुलीला ती गाठ जमेना, तिने पूर्ण पान भरलं, आणि शेवटच्या ओळीत जमल्यावर कागद छातीशी धरून घरी गेली. अशा पोरींसाठी वर्ग कर.

आणि नवरात्रात बॅच ठेवू नकोस. त्या नऊ दिवसांत संध्याकाळी बडोद्यात कोण येणार?

जुना बडोदेकर
एखाद्या रविवारी मुलांना तांबेकर वाड्यात ने, भिंतींवरची चित्रं दाखव. कीर्ती मंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, तीही. 1950 पासून विद्यापीठाचं फाइन आर्ट्स, म्हणजे चित्रकला-शिल्पकलेचं शिक्षण, आहे या गावात, आणि आपल्या मुलांनी हे पाहिलेलं नसतं.

रंगरेषा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल एका मुंजीच्या पत्रिकेसाठी त्या चार ओळी पाठवल्या. तासाभरात "हो" आलं आणि अर्धे पैसेही. शाईदौत ताई, बोरू कापायला कुठला चाकू वापरता? माझा काप फाटतोय.

शाईदौत
साधं कटरचं पातं घे, पण नवं. बोरू आधी रात्रभर पाण्यात ठेव.