मदत हवी आहे : खुनाच्या जागी आधी पोहोचलेला पोलीस नेमकं काय करतो?

दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहितेय. सातारा जिल्ह्यातलं खेडं, काळ जुलै २०२४ नंतरचा. ११२ ला फोन जातो, गाडी येते, दोन अंमलदार उतरतात. इथेच गाडं अडलंय.

कायद्यातलं वाचलंय. इन्क्वेस्ट पंचनामा (प्रेताचा, मृत्यूचं कारण नोंदवणारा) आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४). सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञांनी जागेवर यायचं, चित्रीकरण करायचं, हे कलम १७६(३). पण ते सगळं नंतरचं. मला हवाय त्याआधीचा वेळ.

गोठ्यात प्रेत पडलंय. सारवलेल्या जमिनीवर पावलं उमटलीत, त्यांवरूनच निम्मं गाव आत-बाहेर करतंय. आई लेकाला मांडीवर घ्यायला धावते. सोबत महिला पोलीस नसेल तर तिला अडवतं कोण? पोलीस पाटील? फॉरेन्सिकची गाडी यायच्या आत पाऊस आला तर त्या पावलांवर काय झाकतात? दावणीच्या म्हशीचं काय करतात? (हसू नका, कथेत म्हैस महत्त्वाची आहे.) आणि पंच व्हायला गावातलं कुणी खरंच पुढे येतं का?

मालिकांमधली खडूची रेघ नकोय. खात्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल. नाव द्यायचं नसेल तर मेसेज करा.